झाडाला टांगलेला फोन

हिंजवडीशेजारच्या माणमधल्या आमच्या घरात एका जागी स्वस्थ बसलेलं माणूस मी कधी पाहिलं नाही. शेताच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हापासून आप्पा सकाळ-संध्याकाळ गच्चीवर फेऱ्या घालायचे. पाण्याच्या टाक्यांना वळसा, भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या जीन्सखालून वाकून पुढे, कठड्यापाशी थांबून खाली एक नजर, की परत मागे. बांधावरून चालायचे तसंच चालायचे, मध्येच गवत उपटायला वाकल्यासारखे वाकायचेसुद्धा. आई स्वयंपाकघरातले डबे या फळीवरून त्या फळीवर हलवायची आणि मग हळद सापडत नाही म्हणून आमच्यावर खेकसायची. मी या दोघांची एकुलती एक, त्यामुळे दोघांचंही सगळं माझ्याच वाट्याला आलं. जेवता जेवता उठून खिडकी लावायची, खिडकी लावता लावता फोन बघायचा, फोनवर बोलता बोलता चपला घालायच्या. "हिला बसवायची तर दाव्यालाच बांधाय पायजे," आई म्हणायची. आजही मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा पाय हलत असतो आणि शेजारच्याच्या कपातला चहा हिंदकळतो.

घरसुद्धा आमच्यासारखंच, गप्प न बसणारं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत आयटीतली मुलंमुली भाड्यानं राहायची. सकाळी कुणाचा तरी कुकर, कुणाचा तरी बंद न होणारा गजर, मागं येणाऱ्या टँकरची शिट्टी, कंपन्यांच्या बसचे हॉर्न आणि जिन्यात मराठी, हिंदी, तेलुगू सगळं एकदम. गॅस असूनही आई भाकऱ्या मात्र मागच्या पडवीत चुलीवरच थापायची आणि त्या वासानं वरची माणसं एकेक करून खाली यायची. भारतीताई आमच्या घरातल्या झाल्या त्या अशाच. वर्ध्याकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मोठ्या कंपनीत वेबसाइटींचंच काम करणाऱ्या. सुटीच्या दिवशी त्या खाली येऊन आईबरोबर लसूण सोलत बसायच्या. त्या घरात निवांत बसणारं तेवढं एकच माणूस, आणि तेही बाहेरगावचं.

मी तेव्हा नुकतीच सूसच्या एका लहानशा कंपनीत लागले होते. लोकांना वेबसाइट बनवून द्यायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. मला काम येत नव्हतं असं नाही, चांगलं यायचं. पण माझी पद्धत एकच होती, बिघाड दिसला की त्याच्यावर तुटून पडायचं. इथली ओळ बदल, तिथली काढ, हे बंद कर, ते चालू कर, सगळं एका दमात. साइट चालली तर कशानं चालली ते कळायचं नाही, आणि नाही चालली तर मी आणखी काय बिघडवून ठेवलंय तेही कळायचं नाही. स्क्रीनवर चूक काय झाली ते तांबड्या अक्षरांत लिहून यायचं, ते मी पहिल्या ओळीच्या पुढे कधी वाचलं नाही. भारतीताई हे बघून हसायच्या. त्यांच्याकडे कुठलाही बिघाड घेऊन गेलं की त्या आधी विचारायच्या, "तू काय केलं, काय व्हाले पाहिजे होतं, अन् झालं काय? तीन गोष्टी सांग, मंग लॅपटॉप उघडू." आणि मी सांगत असताना माझा हात कीबोर्डकडे गेला की म्हणायच्या, "हात मांडीखाली." म्हणजे खरोखरच हातांवर बसायचं. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

त्याच वर्षी हौसाआत्याचं प्रकरण झालं. ही आप्पांची थोरली बहीण, कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथं दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आप्पा तिला माणला ये म्हणून कितीदा म्हणाले, पण तिला वाडी सोडवत नव्हती. वाडीतल्या बायका हेच तिचं घर होतं. भात लावायचा तर त्यांच्याबरोबर, करवंदं काढायला जायचं तर त्यांच्याबरोबर, ताप आला तर त्यांच्यातलीच कुणी तरी पेज घेऊन यायची. आम्ही गेलो की तिच्याकडे नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ओल्या काजूंचे दिवस असले तर काजूची उसळ, आणि जेवायला शेजारच्या चारजणी हमखास.

खाली रस्त्याच्या कडेला शहरातल्या लोकांचे बंगले झाले होते. शनिवार-रविवारी तिथं पाहुणे यायचे आणि त्यांना चुलीवरचं जेवण हवं असायचं. ते वाडीतल्या बायका करून द्यायच्या. त्याची एक रीत होती. वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत एकेकीचा नंबर. ज्या घरी सुतक असेल, जिला बरं नसेल, तिचा नंबर पुढचीकडे जायचा. जिचा नंबर असेल तिनं ओट्यावर उभं राहून उतारावरच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "आज माझा नंबर गंऽ!" आणि खालून कुणी तरी म्हणायचं, "ऐकलं गंऽ!" ते उत्तर आल्याशिवाय कुणी चूल पेटवायचं नाही. लहानपणी मला ही गंमत फार आवडायची, मी उगाचच ओरडायचे आणि मलाही उत्तर यायचं. आता भानगड अशी होती की ऑर्डर यायची बंगल्याच्या राखणदारामार्फत, आणि तो वर निरोप धाडताना स्वतःच्या नात्यातल्या घरांना आधी सांगायचा. नंबर गेला उडत. बायकांत कुरबुरी सुरू झाल्या तेव्हा हौसाआत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी भाची कंप्युटरातली हाय. ती करून दील. मग कुनाचा वशिला चालायचा न्हाई."

मी हौसेनं करून दिलं. पाहुण्यानं बंगल्यातून ऑर्डर द्यायची, ती बायकांना फोनवर दिसायची, जिचा नंबर तिनं 'मी करते' हे बटण दाबायचं, की पाहुण्याला निरोप जायचा, तुमचं जेवण अमुकबाई बनवत आहेत. सगळ्याजणींना मी खाली देवळापाशी बोलावलं, कारण तिथं रेंज होती. एकेकीचा फोन नंबर विचारून घेतला, एकेकीचं नाव भरलं. आत्याच्या फोनवर तिचं नाव मी स्वतः घालून दिलं. सूसच्या ऑफिसात परत येऊन चार सहकाऱ्यांच्या फोनवर तपासलं. ज्यानं बटण दाबलं त्याचंच नाव येत होतं. मी खूश, आत्या तर माझ्याहून खूश.

मग तिचा फोन आला. "मंजे, शेजारच्या फुलाबाईनं बटन दाबलं तर माझं नाव आलं बघ." मी म्हटलं, चुकून झालं असेल. पुढच्या शनिवारी दुसऱ्या एकीच्या वेळी परत तेच. यादीत हौसाबाई पहिली आहे, म्हणून यादी गडबडत असणार, असा मी अंदाज बांधला आणि यादी उलटी केली. "आत्या, झालं आता." पुन्हा तेच. मग मी बटण बदललं, निरोप पाठवायची रीत बदलली, नावं पुसून परत भरली. दर वेळी ऑफिसातल्या फोनांवर बघायचे, सगळं ठीक. दर वेळी आत्याला फोन करायचे, "झालं." ती विचारायची, "झालं म्हन्तीस?" मी म्हणायचे, "झालं गं." ती म्हणायची, "बरं." आणि एका शनिवारी फुलाबाई भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन बंगल्याच्या फाटकाशी गेली तेव्हा राखणदारानं तिला अडवलं. त्याचा मान गेल्यापासून तो टपूनच होता. "फोनवर हौसाबाई लिवलंय. पावन्यांनी हौसाबाईचं जेवान सांगितलंय. तू कोन?" फुलाबाई भरली पाटी घेऊन उन्हात डोंगर चढून परत आली.

त्या दिवसापासून वाडीनं आत्याशी बोलणं टाकलं. भाचीनं बनवलंय, तर नाव आत्याचंच येणार, हे त्यांना सरळ दिसत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं. आत्यानं मला हे सांगितलं नाही. आईला सांगितलं, तेही एकच वाक्य, "वहिनी, माझा नंबर आला तवा मी वरडले, तर कुनीच ऐकलं म्हनलं न्हाई." आईनं ते मला सांगितलं आणि डबे हलवायला लागली. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की माझे हात चालतात, म्हणून मी लॅपटॉप उघडून सगळी साइट पहिल्यापासून नवीन लिहायला घेतली.

भारतीताई कामावरून येऊन लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय केलं, काय व्हाले पाहिजे होतं, झालं काय?" मी चिडून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "माझ्या इथं तर चालतंय ना!"

"मंग तुझं इथं पाठवून दे वाडीले," त्या म्हणाल्या. "तू पाह्यलं काय, तिथं बटन कसं दाबते ते?"

"त्यात काय बघायचं? बटण बोटानंच दाबतात."

"पाह्यलं काय?"

मी लॅपटॉप अर्धा मिटला.

"उद्या जा. बिघाड तुझ्या डोळ्यांपुढं झाल्याशिवाय एक अक्षर बदलू नको. कोणाले काही शिकवू नको. नुसती बसून राह्य. अन्..." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. पुढचं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पौड रस्त्यानं कासार आंबोलीला गेले, स्कूटी बंगल्यांपाशी लावली आणि वर चढले. आत्या दारातच होती. ती वाळल्यासारखी दिसत होती. मला बघून हसली, पण पूर्वी मला बघितलं की शेजारणींना हाका मारायची, तशी मारली नाही. तिनं कोनाड्यातून फोन काढला, कापडी पिशवीत घातला आणि घरामागच्या चढावर निघाली. मी मागोमाग. वर एक ऐनाचं झाड आहे, त्याच्या तोडलेल्या फांदीच्या खुंटाला तिनं पिशवी अडकवली आणि मागं न बघता घरात निघून गेली.

मी तिथंच खाली धोंड्यावर बसले. वाडीत रेंज फक्त त्या झाडाखाली येते. आणि मी लिहून घेतलेले ते सगळे नंबर पोरांचे आणि नवऱ्यांचे होते. ती माणसं सकाळीच फोन खिशात घालून पौडला, हिंजवडीला कामावर जायची. दिवसभर वाडीत राहणारा चांगला फोन हा एकच. पाण्याचा नळ जसा सगळ्यांचा, तसा तो झाडाला टांगलेला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी त्या घटकेला मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मला फक्त बसवत नव्हतं. मुंग्या पायावर चढत होत्या, गुडघा हलत होता, हात मांडीखाली दाबून बधिर झाले होते. दोनदा उठून मी फोन बघायला निघाले आणि परत येऊन बसले. इतकं अवघड काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पिशवीत टिंग वाजलं. खालून फुलाबाई आली. हात पदराला पुसले, पिशवीतून फोन काढला, माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, बटण दाबलं, फोन परत ठेवला. मग वळून उताराकडे तोंड करून ओरडली, "आज फुलाबाईचा नंबर गंऽ!" चहूकडून आलं, "ऐकलं गंऽ!" दाबलेल्या बटणाकडे तिनं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. कशाला बघेल? वाडीला कळायचं ते कळलं होतं. मी पिशवी उघडली. स्क्रीनवर होतं, 'हौसाबाई जेवण बनवत आहेत.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्या फोनला एकदा सांगून ठेवलं होतं, तू हौसाबाईचा. माझ्या जगात एका माणसाचा एक फोन असतो, आणि फोन कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारत नाही. माझा हात लगेच लॅपटॉपच्या पिशवीकडे गेला. दुरुस्ती तर अगदी सोपी होती. पण भारतीताईंचं आणखी एक म्हणणं होतं, बिघाड आपल्या हातानं परत घडवून आणता आला तरच तो सापडला म्हणायचा. म्हणून मी लॅपटॉप तसाच ठेवला आणि हाक मारली, "फुलामावशी, वाईच परत या की. सगळ्याजणी या."

त्या आल्या, पण लांब उभ्या राहिल्या. मी माझ्या फोनवरून एक खोटी ऑर्डर पाठवली. फुलाबाईला म्हटलं, दाबा. तिनं दाबलं, मी स्क्रीन वाचून दाखवली. हौसाबाई. दुसरीला दाबायला लावलं. हौसाबाई. तिसरीला. मग मी स्वतः दाबलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "आता मी दाबलं. नाव बघा कुनाचं आलं."

फुलाबाई खाली आत्याच्या दाराकडे बघत होती. "आन् हौसाबाई तर घरात हाय," ती सावकाश म्हणाली.

"व्हय. तिनं काय केलं न्हाई. ह्यो फोन ज्याच्या हातात, त्येला हौसाबाईच म्हनायचं, असं मीच त्येला सांगून ठेवलंया."

फुलाबाईनं पदर सारखा केला. "चुलीवर पानी ठिवलंय," म्हणाली आणि निघाली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. मला वाटलं होतं, आता या आत्याला हाक मारतील, निदान तिच्या दारावरून जाताना थांबतील. पण तसं काही झालं नाही. दुपारी मी फुलाबाईबरोबर पाटी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि राखणदाराला म्हटलं, चूक फोनची आहे, जेवण हिचंच आहे. त्यानं वाकडं तोंड करून फाटक उघडलं.

परत आले तेव्हा आत्या चुलीपुढे बसली होती. मी विचारलं, "त्या तुझ्याशी बोलत न्हाईत, तरी फोन रोज टांगतीस?"

"मग? न्हाई टांगला तर त्यानला ऑर्डर कशी कळंल?"

"आन् मला का नाही सांगितलंस, एवढं होईपर्यंत?"

तिनं लाकूड आत सारलं. "तू झालं म्हनायचीस. मी त्या झाडाखालून तशीच घरोघर जायची आन् सांगायची, झालं गं, आता झालं. मग परत माझंच नाव यायचं. चार-पाच डाव असं झाल्यावर कोन इस्वास ठेवंल?" हे ती रागानं म्हणाली नाही, नुसतं सांगितलं. मी ऑफिसात खुर्चीवर बसून सहज म्हटलेला तो शब्द घेऊन ही बाई डोंगरातल्या एकेका दारात उभी राहिली होती.

दुरुस्तीला काही लागलं नाही. फोनला मी कुणाचीच ओळख ठेवू दिली नाही. 'मी करते' दाबलं की पुढे सगळ्या बायकांचे फोटो यायचे, आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, झालं काम. बाकी एका ओळीलाही हात लावला नाही, लावावासा फार वाटला तरी. फोटो काढायला त्या आल्या, कारण फोटो काढायला कोण येत नाही, पण आत्याशी एक शब्द नाही. आत्याचा फोटो मी तिच्या ओट्यावर काढला. डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय तिनं काढू दिला नाही.

मी तिला झालं म्हटलं नाही. म्हटलं, शनिवारी येते आणि बसते. भारतीताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी सोललेल्या लसणाची वाटी आईकडे सरकवली. आता त्या परत वर्ध्याला असतात आणि आमच्या धंद्यात माझ्या वयाच्या बाईला पोरं आजीच समजतात. माझ्या हाताखालची मुलं बिघाड घेऊन येतात तेव्हा मी तेच तीन प्रश्न विचारते आणि ती माझा तसाच राग करतात. 'झालं' हा शब्द मात्र आमच्या टीममध्ये लांबून म्हणायचा नाही, जाऊन बघून आल्यावर म्हणायचा. का, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी मी पुन्हा त्या धोंड्यावर बसले, हात मांडीखाली. पहिली ऑर्डर आली ती खालच्या घरातल्या एकीच्या नंबरावर. तिनं स्वतःच्या फोटोवर बोट टेकवलं आणि स्क्रीनवर तिचंच नाव आलं. तिनं ते मला वाचायला लावलं, मग बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "बराबर आलं गं!" दुसरी ऑर्डर आली तेव्हा नंबर आत्याचा होता. ती वर आली. पदराला हात पुसले, बटण दाबलं, सगळ्या तोंडांतून आपलं तोंड शोधलं, त्यावर बोट ठेवलं. फोन पिशवीत घातला. आणि तशीच उभी राहिली. मला कळत होतं ती कशाला थांबलीय. ओरडलं नाही तर रीत मोडते, आणि ओरडलं आणि पुन्हा कुणी उत्तर दिलं नाही, तर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. माझा गुडघासुद्धा थांबला होता.

तिनं उताराकडे तोंड केलं. "आज माझा नंबर गंऽ!" आवाज जरा फाटला.

खाली कुठं तरी भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. फुलाबाई तिच्या परसात उभी राहिली, हात राखेनं माखलेले, आणि वर बघून म्हणाली, "ऐकलं गं हौसे! पीठ हाय का, का दिऊ लावून?"

आत्यानं पदर तोंडाशी धरला होता. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मंजे, ऊठ. तिच्याकडनं पीठ घिऊन ये."

घरात पिठाचा डबा काठोकाठ भरलेला होता, मी सकाळीच पाहिला होता. मी पायली उचलली आणि उतारावरून पळत सुटले.